जमिनीवरून आणि आकाशांतून

जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहराजवळ क्रोनबेर्ग नांवाचें एक टुमदार गांव आहे. तेथें युलियुस नॉयब्रोनर नांवाचा एक औषधविक्रेता राहत असे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि हलकींसलकीं औषधें पोंचविण्यासाठीं त्याच्या घरीं कबुतरें पाळलेलीं होतीं. एकदां त्यांतील एक कबुतर धुक्यांत वाट चुकलें आणि चार आठवड्यांनीं परत आलें, तें चांगलें गुबगुबीत होऊन! मधले दिवस स्वारी कोठें मुक्कामाला होती, हें कळण्यास कांहींच मार्ग नव्हता. कबुतराच्या अंगावर कॅमेरा बांधला तर तो सांगेल, अशी कल्पना या गृहस्थाच्या डोक्यांत आली. त्यानें एक चिमुकला कॅमेरा तयार केला, ठराविक वेळानें आपोआप दाबली जाईल अशी हवेच्या दाबावर चालणारी कळ त्यास बसविली, आणि तो कबुतराच्या छातीवर पट्ट्यांनीं बांधून पक्षी सोडून दिला. १९०७ सालीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला, तेव्हां एवढें ओझें घेऊन कबुतर उडेल यावर कचेरीचा विश्वास बसेना. शेवटीं खरींखुरीं चित्रें पुढें ठेवल्यावर १९०८ च्या डिसेंबरांत पेटंट मिळालें. त्या चित्रांपैकीं एक आजहि प्रसिद्ध आहे. त्यांत क्रोनबेर्गचा वाडा आणि त्याच्या भोवतींची झाडी खालीं दिसते, आणि चित्राच्या दोन्ही कडांना कबुतराच्याच पंखांचीं टोकें आलेलीं आहेत.

पक्षी आणि त्याच्या खालचा मुलूख एकाच चित्रांत उतरावा, हा योग छायाचित्रकाराच्या वाट्याला क्वचितच येतो. जमिनीवरून चित्र घेणाऱ्याच्या हातीं पक्षी लागतो. त्याच्या मागचें शेत, तळें, घर हें सारें धूसर होऊन जातें, आणि तें तसें व्हावें अशीच त्याची खटपट असते. उलट उंचावरून चित्र घेणाऱ्याला मुलूख मिळतो, पण त्यांतला पक्षी म्हणजे एक ठिपका. तोहि दिसला तर. दोघेहि खरेंच सांगत असतात, आणि तरीहि दोघांचें सांगणें अपुरें असतें.

इंग्लंडांतील यॉर्कशर परगण्यांतले रिचर्ड व चेरी कीर्टन हे दोघे बंधु पक्षिछायाचित्रणाचे आद्य उपासक होत. थोरला रिचर्ड लहानपणीं घरट्याच्या नादांत झाडावरून पडला आणि जन्मभर लंगडत राहिला. नाद मात्र सुटला नाहीं. १८९२ सालीं लंडनच्या उत्तरेस एन्फील्डजवळ धाकट्या चेरीनें अंड्यांसह एका घरट्याचें छायाचित्र घेतलें, आणि १८९५ सालीं ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील त्यांचें पुस्तक बाहेर पडलें. पक्षी बुजूं नयेत म्हणून या बंधूंनीं पुढें एका बैलाचें कातडें सांगाड्यावर ताणून पोकळ बैल तयार केला. त्याच्या पोटांत कॅमेऱ्यासह मनुष्य उभा राही. हा बैल पाहून आज हंसूं येईल. पण त्यामागचा विचार हंसण्यासारखा नव्हता. पक्ष्याला चित्राची किंमत मोजावी लागूं नये, एवढाच तो विचार. याच चेरी कीर्टननें १९०८ सालीं हवाई जहाजांत बसून वरून लंडन शहराचें चलच्चित्र घेतलें. घरट्यापाशीं वांकणारा आणि शहरावरून उडणारा, असे दोन्ही छायाचित्रकार त्या एकाच माणसांत होते.

या कथा दूरदेशच्या असल्या तरी त्यांतला प्रश्न मुंबईच्या उपनगरांत आज रोज उभा राहतो. मुलुंड, भांडुप, ठाणें, ऐरोली, नेरुळ या बाजूला ज्यांचें घर आहे, त्यांना पक्ष्यांच्या शोधार्थ रानांत जावें लागत नाहीं. इमारतीच्या आवारांतील बदामाच्या रुंद पानांत शिंपी आपलें घरटें शिवून ठेवतो. पहांटे दयाळ पाण्याच्या टाकीवर बसून शीळ घालतो. तांबटाची ठोकठोक दिवसभर ऐकूं येते, पण हा हिरवा पक्षी हिरव्या पानांत दिसत नाहीं. सकाळच्या कोंवळ्या उन्हांत मात्र तो वाळक्या फांदीच्या शेंड्यावर ऊन खात बसतो, आणि त्याच वेळीं त्याच्या कपाळाचा तांबडा टिळा चित्रांत नीट उतरतो. नवशिक्याला एवढें ठाऊक असलें तरी महागड्या भिंगावांचून पुष्कळ काम होतें. शिंप्याच्या घरट्याची गोष्ट निराळी. तेथें चित्र स्वच्छ यावें म्हणून आडवीं पानें बाजूला सारण्याचा मोह होतो. चित्र निघतें, मनुष्य घरीं जातो, आणि उघड्या पडलेल्या घरट्याकडे कावळ्याची दृष्टि जाते. असें चित्र न घेतलेलेंच बरें.

जमीन आणि आकाश यांच्या मधली एक जागा उपनगरवासीयांना अनायासें लाभलेली आहे, ती म्हणजे उंच इमारतींची गच्ची. खालून पाहणाराला घारीचें पोट तेवढें दिसतें. दहाव्या मजल्यावरून तीच घार पाठीकडून दिसते: तपकिरी पंखांवरचे फिकट पट्टे, वळतांना मुरडणारी दुभंगलेली शेपटी, आणि तिच्याखालीं रेल्वेचे रूळ, घरांचे पत्रे, पलीकडे मिठागरांचे चौकोन व त्यांना लागून तिवरांची गर्द पट्टी. क्रोनबेर्गच्या कबुतराला जें साधलें, त्याच्या जवळपास जाणारें चित्र येथें मिळतें, आणि त्यासाठीं कोणाच्या छातीवर कांहीं बांधावें लागत नाहीं.

या तिवरांच्या पलीकडे ठाण्याची खाडी आहे. तिच्या चिखलावर हिवाळ्याच्या सुमारास रोहित पक्षी उतरतात आणि बहुतेक पावसाळ्याच्या तोंडापर्यंत राहतात. १९९० नंतरच्या दशकांत शिवडीच्या किनाऱ्यावर त्यांचे थवे लोकांच्या नजरेंत भरूं लागले; अलीकडच्या गणनांत तर त्यांची संख्या लाखावर गेलेली आहे. त्यांत धाकटे रोहित फार; त्यांची चोंच काळपट लाल असते. थोरला रोहित अंगानें मोठा व पांढुरका, त्याची चोंच गुलाबी आणि टोंकाशीं काळी. मान खालीं घालून, चोंच उलटी करून हे पक्षी चिखलपाणी गाळतात व त्यांतले सूक्ष्म जीव व शेवाळ टिपतात. २०१५ सालीं खाडीचा एक भाग रोहितांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ सालीं ठाणें खाडीचें नांव रामसर स्थळांच्या यादींत गेलें.

येथें जमिनीवरून, म्हणजे बहुधा होडींतून, चित्र घेणारानें घड्याळापेक्षां भरती-ओहोटीचें कोष्टक जवळ बाळगावें. भरतीची वेळ दररोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. काल साधलेली वेळ आज साधत नाहीं. पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर पांगतात, पूर्ण भरतीला ते असतच नाहींत. पाणी ओसरूं लागतांना किंवा चढूं लागतांना ते चिखलाच्या कडेला दाटीनें उभे असतात. त्या वेळीं होडी सरळ थव्यावर न नेतां तिरकी, सावकाश न्यावी. चरणाऱ्या पक्ष्यांच्या माना एकामागून एक वर येऊं लागल्या, म्हणजे तेथेंच थांबावें. ती त्यांची सूचना असते. तिच्याकडे दुर्लक्ष केलें तर क्षणार्धांत सारा थवा उडतो, काळ्या व गुलाबी पंखांचें मोठें नेत्रदीपक चित्र मिळतें, आणि नेमक्या याच चित्राच्या लोभानें होड्या पुढें रेटल्या जातात. परंतु चिखल उघडा असतो तो थोडेच तास. तेवढ्यांत त्यांना पोट भरावयाचें असतें. प्रत्येक उड्डाण म्हणजे त्यांच्या ताटांतला घास गेला असें समजावें.

भरतीला हे पक्षी जातात कोठें? हा प्रश्न जमिनीवरच्या छायाचित्रकाराला सहसा पडत नाहीं, कारण पक्षी गेले म्हणजे तोहि कॅमेरा पेटींत ठेवून घरीं जातो. नेरुळसारख्या भागांत इमारतींच्या मधोमध कांहीं उथळ पाणथळ जागा आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्याला तीं नुसतीं डबकीं वाटतात. कोणाला त्यांत मोकळा भूखंड दिसतो. खाडी पाण्यानें भरली कीं रोहितांचे थवे तेथें येऊन एका पायावर विसांवतात आणि ओहोटी लागतांच परत जातात. होडींतून काढलेलें चित्र आणि तळ्याकाठचें चित्र शेजारीं शेजारीं ठेवलें, तरी त्यांचा संबंध कोणाला कळणार नाहीं. उंचावरून घेतलेल्या एका चित्रांत तो एका दृष्टिक्षेपांत कळतो. खाडीचा करडा पट्टा, तिवरांची कड, तिच्यांतून आंत शिरणारी पाण्याची बारीक शीर, आणि शिरेच्या टोंकाला तें तळें. ती शीर अडली तर तळें सुकणार, हें समजण्यास मग शास्त्रज्ञ लागत नाहीं.

झालेंहि तसेंच. २०२४ च्या उन्हाळ्यांत नेरुळच्या एका तळ्यांत येणारें भरतीचें पाणी अडलें आणि तें तळें कोरडें पडलें; भांबावलेले रोहित आसपासच्या रस्त्यांवर आढळले, कांहीं दगावले. त्याच वर्षीं मे महिन्यांत घाटकोपरजवळ उतरत्या विमानाची धडक बसून सुमारें चाळीस रोहित एका रात्रींत मेले. या दोन घटनांचा परस्परांशीं काय संबंध होता, यावर पुष्कळ वाद झाला. तो येथें निकालांत काढण्याचें कारण नाहीं. एवढें मात्र खरें कीं, त्या तळ्याची पहिली हिरवी-निळी आणि नंतरची भेगाळलेली अशीं दोन रूपें उंचावरच्या चित्रांत समोरासमोर आलीं, तेव्हां जी गोष्ट अर्जांतून पटत नव्हती ती डोळ्यांना पटली. २०२५ सालीं राज्य वन्यजीव मंडळानें तें तळें राखीव करण्यास संमति दिली.

उंचावरून चित्र घेण्याचें साधन आतां सोपें झालें आहे. १८५८ सालीं पॅरिसजवळ नादारला त्यासाठीं बलून लागलें. १८८८ सालीं फ्रान्समध्येंच आर्थर बात्यूनें पतंगाला कॅमेरा बांधला. आज तळहातावर मावणारा ड्रोन तें काम करतो. परंतु येथें तारतम्य अधिकच हवें. वरून घोंघावत येणारी वस्तु पक्ष्यांच्या लेखीं शिकारीच असते. होडीला सरावलेला थवाहि ड्रोनखालीं बिथरतो. घारी तर स्वतःच ड्रोनवर झडप घालतात, आणि पात्यांनीं घारीचा पाय किंवा पंख कापला जातो. कायद्याचीहि आडकाठी आहे, व ती रास्त आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें मोकळ्या मुलखांतहि ४०० फुटांच्या वर परवानगीवांचून जातां येत नाहीं, विमानतळाच्या आसमंतांत निर्बंध त्याहून कडक आहेत, आणि अभयारण्यावर वनखात्याच्या परवानगीवांचून यंत्र उडविणें हा प्रमादच होय. म्हणून पक्षी तेथें असतां ड्रोन न उडवितां, ते नसतांना तळ्याचें आणि त्याच्या पाण्याच्या वाटेचें चित्र घ्यावें. मुलूख पळून जात नाहीं. सकाळीं किंवा सायंकाळीं ऊन तिरपें असतां घेतलेल्या चित्रांत सावल्या लांब पडतात, आणि बांध, भराव, नव्यानें टाकलेली माती यांची उंची त्या सावल्यांवरून उमजते. भर दुपारच्या चित्रांत हें सारें सपाट होऊन जातें.

ज्यांना ड्रोन उडविण्याची मुभा नाहीं, आणि मुंबईंत तशी ती पुष्कळांना नाहीं, त्यांच्यासाठीं गच्ची आहेच. कठड्यावर एक खूण करावी, कॅमेरा दर खेपेस त्याच खुणेवर टेकवावा, आणि महिन्यांतून एकदां, पाणी सारख्याच उंचीला असतां, तेंच तळें आणि तीच तिवरांची कड टिपावी. नुसतें तळें टिपून भागणार नाहीं. त्याच दिवशीं खालीं उतरून काठावरच्या शेकाट्यांचें, बगळ्यांचें, असले तर रोहितांचेंहि चित्र घ्यावें, आणि दोन्ही चित्रें एकाच पाकिटांत ठेवावीं. पाकिटावर तारीख, भरतीची वेळ, मजला आणि कॅमेऱ्याची दिशा लिहावी. पक्षी एकहि आला नाहीं, तर तेंहि लिहावें.