बर्फाची चादर सगळीकडे सारखी नसते



पारशिवनीच्या बचतगटांकडून आज आम्ही फार दूरच्या मुलखाची गोष्ट घेऊन आलो आहोत. अंटार्क्टिका, म्हणजे पृथ्वीच्या अगदी दक्षिण टोकाचा खंड. विषय ठरला तेव्हा गटातल्या एका मावशीने बैठकीतच विचारले, "तिथं सगळा बर्फच बर्फ, मग सांगायचं काय त्याच्यात?" प्रश्न बरोबर होता. चित्रात आम्हालाही तो मुलूख अंथरलेल्या पांढऱ्या चादरीसारखाच दिसत होता. वाचत गेलो तसे कळले की ही चादर कुठे जाडजूड आहे, कुठे विरलेली आहे, आणि कुठे तर फाटून खालचा काळा खडक उघडा पडला आहे. हा फरक किती महत्त्वाचा आहे हे आपल्या देशाने तिथे घर बांधून पाहिले आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये भारताची तिसरी मोहीम गोव्याहून जहाजाने निघाली. तिच्यात पहिल्यांदाच दोन बाया होत्या. एक सुदीप्ता सेनगुप्ता, खडकांच्या अभ्यासक. दुसऱ्या अदिती पंत, समुद्राच्या अभ्यासक, आणि त्यांचा जन्म आपल्या नागपूरचा. जिल्ह्याची लेक चाळीस वर्षांपूर्वी तिथवर जाऊन आली आणि आम्हाला ते आत्ता कळले, याचे नवल वाटते. शाळेच्या पुस्तकात हे नाव ठळक असायला हवे होते.

या मोहिमेने तिथे भारताचे पहिले ठाणे उभारले, दक्षिण गंगोत्री. जागा होती किनाऱ्यालगत, समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर. जहाजातून सामान उतरवायला सोयीची. पण सहा-सात वर्षांतच ते घर बर्फात इतके गाडले गेले की १९९० मध्ये तिथले काम बंद करावे लागले.

तुम्ही म्हणाल, एवढा बर्फ पडला का? नाही. खरी करामत वाऱ्याची. थ्रेशरवर सोयाबीन काढताना कुटार कसे उडते ते आठवा. मोकळ्या वावरात ते पसरून जाते, पण आड कुडाची भिंत असली की भिंतीमागे ढीग लागतो. वारा अडला, मंदावला, की हातातले ओझे खाली टाकतो. तिथला कोरडा, भुरभुरीत बर्फ असाच उडतो. एकदा पडून झाल्यावरही महिनोन् महिने वारा त्याला इकडून उचलून तिकडे नेतो. सपाट मैदानात मधेच घर उभे केले की घरामागे ढीग लागणारच. शिवाय त्या थरावर पडलेला बर्फ फारसा वितळत नाही. यंदाच्यावर पुढच्या वर्षीचा, त्याच्यावर त्याच्या पुढचा, असे घर खाली जात राहते.

आता दुसरी बाजू ऐका. दक्षिण गंगोत्रीपासून आत साधारण ८० किलोमीटरवर शिर्माकर नावाचा टेकड्यांचा पट्टा आहे. पारशिवनीहून नागपूरला जाऊन परत यावे, जवळपास एवढेच अंतर. तिथे चित्रच वेगळे. जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचा उघडा खडक आणि त्यात शंभरावर लहानमोठी तळी. उंचावरून खाली घसरत येणारा वारा खडकावरचा बर्फ झाडून नेतो. जो उरतो त्याला ऊन खाते. कारण असे की ताजा पांढरा बर्फ आलेल्या उन्हातला आठ-नऊ दशांश भाग परत फेकतो. आपण उन्हाळ्यात छताला चुना मारतो तो याचसाठी. काळा खडक मात्र ऊन पिऊन तापतो आणि आजूबाजूचा बर्फही वितळवतो. म्हणून जिथे बर्फ एकदा हटला तिथे तो परत टिकायला अवघड. गारपिटीनंतर बघा, अंगणातल्या गारा तासाभरात जातात, पण भिंतीच्या सावलीत साचलेला ढीग उशिरापर्यंत पांढरा दिसतो.

भारताचे दुसरे ठाणे, मैत्री, या उघड्या खडकावर बांधले. ते १९८९ पासून सुरू आहे. पाणी जवळच्या तळ्यातून येते, त्या तळ्याला प्रियदर्शिनी म्हणतात. बर्फाच्या मुलखातही पाण्याची सोय बघूनच घर बांधावे लागते, हे हंडा वाहिलेल्या बाईला वेगळे सांगायला नको. तिसरे ठाणे भारती, २०१२ चे, खांबांवर उचललेले आहे. वाऱ्याला खालून वाट मिळाली की तो बर्फ घेऊन पुढे निघून जातो.

आणखी एक गोष्ट आम्हाला आधी खरीच वाटली नाही. अंटार्क्टिकाचा आतला भाग वाळवंटात मोडतो. तिथे वर्षभरात पडणाऱ्या बर्फाचे पाणी केले तर ५० मिलिमीटरही भरत नाही. नागपूरकडे वर्षाला अकराशेच्या आसपास पाऊस पडतो. तिथल्या वर्षभराएवढा आपल्याकडे जुलैतल्या एका दिवसात पडून जातो. तरी त्या खंडावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे. कसा? बचतगटासारखा. दर आठवड्याला थोडेच टाकायचे, पण काढायचे नाही. अशी लाखो वर्षांची ठेव आहे ती.

अर्थात थोडे काढणे तिथेही आहे. बर्फ हळूहळू सरकत किनाऱ्याला येतो आणि तुटून समुद्रात जातो. जमा किती, खर्च किती, याचा हिशेब शास्त्रज्ञ ठेवतात, कारण खर्च वाढला की समुद्र चढतो आणि आपल्या कोकणच्या, मुंबईच्या किनाऱ्याला त्याची झळ लागते. पण जमा मोजायची कशी? एक पद्धत अगदी साधी आहे. बर्फात काठ्या रोवायच्या. यंदा काठी किती वर दिसते, पुढच्या वर्षी किती, एवढे मोजायचे. मग खड्डा खणून ठरावीक मापाचा बर्फ वजन करायचा. कारण भुरभुरीत बर्फाची बादली वितळली तर तळाशी पाणी राहते, आणि वाऱ्याने ठोकून बसवलेल्या बर्फाची तिसरा हिस्सा बादली भरते. नुसती उंची बघून भागत नाही.

आणि एकच काठी रोवूनही भागत नाही. ती ढिगात लागली तर जमा फुगते, उंचवट्यावर लागली तर काहीच जमा नाही असे दिसते. म्हणून ओळीने, लांबच लांब काठ्या रोवतात.

इथे आमच्या बैठकीतली चर्चा अंटार्क्टिका सोडून आपल्या वावरात आली. पाऊसही असाच पडतो ना? धुऱ्याच्या अलीकडे पऱ्हाटी भिजते आणि पलीकडे ढेकूळही ओले होत नाही. महसूल मंडळाचे पर्जन्यमापक एका जागी असते आणि कागदावर सगळ्या गावांना तोच आकडा लागतो. तो आकडा खोटा नसतो, पण तो त्या जागेचा असतो.

म्हणून आमच्या गटाने या पावसाळ्यात तीन वस्त्यांवर तीन डबे ठेवले. खर्च शून्य. तुम्हीही करू शकता. डबा सरळ भिंतीचा घ्या, वर-खाली सारख्याच रुंदीचा. झाडाखाली नको, वळचणीखाली तर मुळीच नको, मोकळ्यावर ठेवा आणि वाऱ्याने पडू नये म्हणून विटांत बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी उभी धरून आत किती मिलिमीटर पाणी आहे ते तारखेसह लिहा आणि डबा ओता. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा, कोरी जागा सोडू नका. परवाच एका संध्याकाळच्या पावसाने एका वस्तीवरचा डबा चार बोटे भरला आणि दुसरीवर नुसता तळ ओला झाला. दोन्ही आकडे वहीत आहेत.

ज्या गटांना सुरुवात करायची आहे त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला वही आणि डबा घेऊन या. पट्ट्या आम्ही आणतो.