शहराच्या धुराचा हिशेब



एखादं शहर वर्षाला किती हरितगृह वायू हवेत सोडतं, हे दाखवणारा मीटर कुठेही बसवलेला नसतो. मोजतात ते इंधन. वीज किती वापरली, पेट्रोल, डिझेल, सीएनजी किती खपलं, स्वयंपाकाचा गॅस किती गेला, कचरा किती निघाला, याची नोंद वीज कंपन्या, तेल कंपन्या आणि महापालिका यांच्या दप्तरी असतेच. त्या प्रत्येक आकड्याला ठरलेल्या गुणकाने गुणायचं आणि बेरीज करायची.

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. डिझेलचं वजन लिटरला किलोभरही नसतं, मग वायू एवढा कुठून आला? जळताना डिझेलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो, म्हणून वजन वाढतं. आपल्या ग्रिडच्या एका युनिट विजेमागे साधारण 0.7 किलो वायू सुटतो. महिन्याला 300 युनिट वापरणाऱ्या घराच्या नावावर 210 किलो जमा होतात.

पण तो वायू मांडायचा कुणाच्या खात्यावर? डहाणूच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, धूर डहाणूच्या आकाशात जातो आणि वीज मुंबईत येते. जगभरातल्या शहरांसाठी 2014 मध्ये हिशेबाची एक समान पद्धत ठरली. तिच्यानुसार शहराच्या हद्दीत जळलेलं इंधन शहराच्या खात्यावर येतंच, शिवाय बाहेरून आणून वापरलेली वीजही येते. हा नियम मला न्यायाचा वाटतो. दिवे आपल्या घरात लागतात, तर त्यांचा धूरही आपलाच.

मुंबईने हा हिशेब मांडला. मार्च 2022 मध्ये महापालिकेने वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार 2019 मध्ये शहराचं उत्सर्जन सुमारे 2 कोटी 34 लाख टन होतं. आपल्याला वाटतं, सगळा दोष गाड्यांचा. प्रत्यक्षात वाहतुकीचा वाटा सुमारे 20 टक्के निघाला. घरं, दुकानं, कार्यालयं, कारखाने यांत वापरली जाणारी ऊर्जा, मुख्यतः वीज, 70 टक्क्यांहून अधिक वाट्याची धनी आहे. उरलेला हिस्सा कचऱ्याचा. हा वाटा लहान असला तरी त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. मुंबईच्या देवनार कचराभूमीवर तर 1927 पासून कचरा टाकला जात आला आहे.

मोजणीचा खरा उपयोग इथे आहे. जोर कुठे लावायचा ते ती सांगते. विजेवरच्या बस हव्यातच. पण त्यांची वीज कोळशाची असेल तर काम अर्धंच होतं. म्हणून आधी वीज स्वच्छ करायची, नव्या इमारती कमी तापतील अशा बांधायच्या आणि ओला कचरा वॉर्डातच जिरवायचा.

मुंबईने 2030 पर्यंत 30 टक्के, 2040 पर्यंत 44 टक्के घट आणि 2050 पर्यंत नक्त शून्य उत्सर्जन असं उद्दिष्ट ठेवलं आहे. उद्दिष्टाला पैशांची जोड नसेल तर ते कागदावरच राहतं. ओस्लो शहराने 2017 सालापासून पालिकेच्या अंदाजपत्रकालाच हवामानाचं अंदाजपत्रक जोडलं. मुंबई महापालिकेनेही जून 2024 मध्ये असा पहिला अहवाल काढला. आता हा हिशेब दरवर्षी, वेळेवर, वॉर्डवार आणि मराठीत जाहीर व्हायला हवा. आपल्या वॉर्डाचा आकडा माहीत असलेला नागरिकच नगरसेवकाला नेमका प्रश्न विचारू शकतो.

आणि एक काम आपल्या हातातलं आहे. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत सामायिक मीटरची वर्षभराची बिलं घेऊन जा. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचे एकूण युनिट काढा, 0.7 ने गुणा आणि तो आकडा सभेपुढे ठेवा. गच्चीवर 10 किलोवॅटचे सौर पॅनेल बसले, तर वर्षाकाठी साधारण 13 हजार युनिट मिळतात, म्हणजे सुमारे 9 टन वायू टळतो. हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा आणि ठराव मांडा.