सामरीच्या गळ्यापाशी
(मेहकर इथल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



सकाळी आरक्षणावर बोलणं झालं, मग शिष्यवृत्तीवर झालं. आणि आता मी उभा राहिलो भुताच्या सिनेमावर बोलायला. फळ्यावर माझा विषय लिहिला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, 'आपल्याले हेच धंदे उरले का?' ज्यानं विचारलं त्यानं उठून जाऊ नये. प्रश्न बरोबर आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या वस्तीत भुताचं काय काम? उत्तर सरळ देता येणार नाही, जरा वळसा घालावा लागेल.

१९७२ साल आपल्याला पाठ आहे. दुष्काळ. पँथर. 'गोलपिठा'. त्याच साली मुंबईत अजून एक गोष्ट झाली, ती आपल्या कुठल्याच अंकात आली नाही. रामसे नावाच्या सिंधी कुटुंबानं 'दो गज़ ज़मीन के नीचे' काढला. कराचीहून फाळणीत आलेला बाप, मुंबईत रेडिओचं दुकान, सात पोरं. सातही पोरं एका युनिटात. कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण आवाज घेणार, अर्जुन रिळं कापणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार. स्टुडिओ परवडत नाही म्हणून बस भाड्यानं केली आणि सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला. सेट नाही, सरकारी विश्रामगृह. घरच्या बाया स्वयंपाकाला. आपल्याकडची टोळी ऊसतोडीला निघते ना, तसे हे लोक सिनेमा तोडायला निघाले.

पांढरपेशा समीक्षकांनी त्याला नाव दिलं 'बी ग्रेड'. काहींना बी सुद्धा जड वाटला, ते सी म्हणाले. हा ग्रेड नेमका कुणाचा, सिनेमाचा की पुढच्या बाकड्यावर बसून तो पाहणाऱ्याचा? मी गोदीत मालाची प्रतवारी रोज पाहतो. गोणी फोडून न बघता शिक्का मारणारे तिथंही आहेत.

आमच्या गावात, इथून दोन तासांवर, टॉकीज नव्हती. जयंतीला घरटी वर्गणी निघायची आणि रात्रभरासाठी व्हीसीआर यायचा, सायकलच्या कॅरिअरवर गोधडीत गुंडाळून. टीव्ही बैलगाडीत. आधी वंदना, मग भीमगीतं, मग मारधाडीचा एक पिच्चर. आणि म्हातारे पेंगले की, रात्री दोनच्या पुढं, 'पुराना मंदिर' नाहीतर 'वीराना'. माझा बाप सांगतो, कॅसेट म्हणजे कॉपीच्या कॉपीची कॉपी. पडद्यावर मुंग्या. अर्धं भूत दिसायचं, अर्धं ज्यानं त्यानं आपल्या मनानं भरायचं. म्हणूनच भ्याव वाटायचं, असं बाप म्हणतो. हे वाक्य लक्षात ठेवा, मी परत येतो त्याच्याकडं.

आता 'पुराना मंदिर' काय आहे, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी. १९८४ चा. दोनशे वर्षांपूर्वीचा राजा हरिमानसिंग. त्याच्या मुलखात सामरी नावाचा सैतान, मुडदे उकरणारा, रक्त पिणारा. राजा त्याचं मुंडकं उडवतो. धड एका जागी पुरतो, मुंडकं पेटीत घालून वाड्यात ठेवतो. सामरी मरताना शाप देतो, तुझ्या वंशातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल, आणि मुंडकं धडाला लागलं की मी उठेन. पुढं आजचा ठाकूर, त्याची पोरगी, पोरीचं प्रेम, वाडा, तळघर. शेवटी त्रिशूळ.

उगाच फसवत नाही, रामसे काही आपले कार्यकर्ते नव्हते. त्यांच्या सिनेमात त्रिशूळच जिंकतो, पुजारीच खरा ठरतो, आणि जंगलातला तो काळा आणि राकट माणूस सैतानच असतो. बायकांचे कपडे ओले करायची हौस तर विचारू नका. यातलं काहीही मी माफ करत नाही.

पण आपण बुलढाणा जिल्ह्यातले. लोणारला कोण गेलं नाही? सरोवर उल्कापातानं झालं हे आपण भूगोलात शिकतो, आणि वर गावात दैत्यसूदनाचं देऊळ पाहतो. पुराण सांगतं, लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली राहायचा. विष्णू देखणा तरुण होऊन आला, दैत्याच्या बहिणींना भुलवून जागा काढून घेतली, झाकण उडवलं आणि त्याला मारलं. आता ही गोष्ट आणि 'पुराना मंदिर' शेजारी ठेवा. जमिनीत एक गाडलेला. वर त्याला मारणाऱ्याचं देऊळ. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त हेच तर विचारलं, या दैत्यांना दैत्य म्हणालं कोण? बळी कुणाचा राजा होता?

रामसेंनी तो प्रश्न विचारला नाही. पण त्यांच्या सिनेमात ठाकूर भेतो. हे बघा नीट. त्या काळच्या मोठ्या सिनेमात ठाकूर म्हणजे न्याय, ठाकूर म्हणजे इज्जत. इथं ठाकुराच्या तळघरात मुडदा आहे, ठाकुराला झोप नाही, आज्यानं केलेलं नातीच्या अंगावर येतं. वाड्याला घाम फुटलेला पाहायला आमची वस्ती रात्री दोनला जागी राहायची. आजी म्हणायची, 'भूत वाड्यातच राह्यते बाप्पा. आपल्याकडं त्याले खायले काय हाये?'

तसंही आपल्या मुलखात मेल्यावर जात जात नाही. मुंजा पिंपळावर, तो मुंज झालेला बामणाचा पोरगा. ब्रह्मसमंध त्याच्याही वरचा. भुतांचीही उतरंड. आणि त्यांनी राहायचं कुठं, तर गावाबाहेर, मसणवट्याजवळ. म्हणजे आमच्या शेजारी.

माझ्या आत्याला अंगात येतं असं ठरलं तेव्हा मी दहा वर्षांचा असेन. तिचं पहिलं मूल गेलं होतं, नवरा मारायचा, ती बोलायची बंद झाली. सासरच्यांनी एका भगताकडं नेलं. गावाचं नाव सांगत नाही. मिरचीची धुरी दिली, केरसुणीनं झोडलं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, दाभोलकरांना गोळ्या घातल्यानंतर. आत्या त्याच्या आधीच माहेरी परत आली, ती आली ती राहिलीच. डोक्यात मात्र भीती राहिली. संध्याकाळी एकटी विहिरीवर जायची नाही.

आता मुद्द्यावर. रामसेंचे सिनेमे आपल्याकडं कुणी जपले नाहीत. जपणं ही आपल्या देशाला झेपलेली गोष्टच नाही. पहिला बोलपट 'आलमआरा', १९३१ चा, त्याची एक प्रत उरली नाही. काळ्यापांढऱ्या रिळांतली चांदी काढून विकली गेली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ ला निघालं, मोठं काम झालं, पण पहिला हक्क अभिजात म्हणवणाऱ्यांचा. भुताची रिळं गोदामात. रंगीत फिल्मचा रंग उडतो, सगळं गुलाबी होत जातं. उकाड्यात आणि दमटात फिल्म सडते, तिला सिरक्याचा वास सुटतो. सडका माल कसा वास मारतो ते मला कुणी शिकवायला नको.

मग जपलं कुणी? परदेशातल्या एका छोट्या कंपनीनं. मोंडो मकाब्रो तिचं नाव. पीट टॉम्ब्स नावाच्या माणसाला जगातले असले ओवाळून टाकलेले सिनेमे गोळा करायचा नाद. त्यांनी २००६ साली 'पुराना मंदिर' आणि 'बंद दरवाज़ा' डीव्हीडीवर काढले, सोबत माहितीपट देऊन, घरी बसून पाहण्यासाठी. पुढं ब्लू-रेही आले. आपण ज्याला कचरा म्हणालो त्याच्यावर तिकडं लेख लिहिले गेले.

हे काम असतं कसं? रीळ मशीनवर चढवायचं, एकेक चित्र उचलून संगणकात घ्यायचं. सेकंदाला चोवीस. दोन तासांच्या सिनेमाला १,७२,८०० चित्रं. प्रत्येकावरची धूळ, ओरखडा, डाग काढायचा, उडालेला रंग बसवायचा, आवाज वेगळा धुवायचा. एवढी पोती मोजताना आमची अख्खी टोळी म्हातारी होईल. आणि हे सगळं कशासाठी, तर सामरीसाठी!

त्या साफ केलेल्या प्रतीतली एक कॉपी गोदीतल्या दोस्ताकडून पेन ड्राइव्हवर माझ्याकडं आली. चोरीची. कबूल. मागच्या दिवाळीत गावी नेली, भाच्याच्या लॅपटॉपवर लावली. आत्या दारात उभी. मी म्हणालो, नको पाहू. ती बसली. सामरी आला. कॅसेटवर ज्याचं अर्धंच तोंड दिसायचं तो आता पुरता दिसला, उजेडात, रंगात. आत्या पुढं सरकली. बोट लावलं पडद्याला. 'अरे, हे तं रबर हाये! पाह्य, गळ्यापाशी कड दिसून राह्यली.' खरंच. मेकअप जिथं संपतो आणि माणसाची कातडी सुरू होते तिथली कड. 'एवढे दिवस मी ह्याले भेत होती?' आणि हसली. आत्या हसली म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही, आमच्या घराला कळतं.

विहिरीवर ती आता एकटी जाते का? नाही. एका सिनेमानं एवढं होत नसतं. पण त्या रात्री तिनं विचारलं, 'ह्याच्या आत कोन हाये?'

आत होता अनिरुद्ध अग्रवाल. रुडकीचा इंजिनिअर. उंची आणि चेहरा बघून त्याला भूत केलं. दहा वर्षांनी, १९९४ ला, 'बँडिट क्वीन'मध्ये तोच माणूस बाबू गुज्जर झाला, फूलनवर अत्याचार करणारा डाकू. तेव्हा रबर लावावं लागलं नाही. मी आत्याला हे सांगितलं नाही. तिला सांगायची गरज नव्हती, बिनरबराचे तिनं पाहिलेत. आणि ज्या २००६ साली तिकडं डीव्हीडी निघाली, त्याच साली २९ सप्टेंबरला आपल्या विदर्भात खैरलांजी झालं. भोतमांगे कुटुंबातले चौघं. वाडा नव्हता, अमावास्या नव्हती, संध्याकाळची वेळ आणि माणसं ओळखीची.

म्हणून मी म्हणतो, साफ प्रत पाहिजे. धूसर कॅसेटवर अर्धं भूत आपण भरतो, मग ते आपल्या घरात राहतं. स्वच्छ प्रतीत कड दिसते. ती पाहायचा हक्क ब्लू-रे परवडणाऱ्यालाच का? ती परदेशी पेटी माझ्या काही दिवसांच्या हजेरीला पडते. आणि घेतली तरी आपल्या मशीनवर चालेलच असं नाही, कारण या लोकांनी तबकड्यांचीही गावकुसं केलीत. डीव्हीडीच्या जगात भारत पाच नंबरात, ब्लू-रेच्या जगात 'सी'मध्ये. इथंही सी ग्रेड! हसू नका, खरं आहे. २०२२ ला केंद्र सरकारनं जुने सिनेमे दुरुस्त करायला ३६३ कोटी जाहीर केले. यादीत रात्री दोनच्या सिनेमाला जागा आहे का, हे आपण विचारलं पाहिजे. मराठी उपशीर्षकांसह, फुकटात, ग्रंथालयात.

आणि एक आपल्या हातातलं. रामसेंच्या कॅसेटींसोबत त्याच पेट्यांत दुसऱ्याही कॅसेटी पडल्यात. जयंतीच्या, जलशांच्या, नामांतराच्या मोर्चांच्या, लग्नात म्हटलेल्या भीमगीतांच्या. त्यांच्यासाठी कुणी परदेशातून येणार नाही. विलास घोगरेंचा आवाज आज पडद्यावर ऐकू येतो तो पटवर्धनांनी रीळ केलं आणि सांभाळलं म्हणून. ज्यांचं कुणी रीळ केलं नाही अशा शाहिरांची यादी करायला बसलो तर शिबिर संपेल.

तर काम असं आहे. चिखलीच्या एका दोस्ताकडं चालू व्हीसीआर आहे आणि संगणकात घ्यायची वायर आहे. ज्याच्या घरी कॅसेट असेल त्यानं पुढच्या बैठकीला आणावी. वर नाव, गाव, साल लिहा. पांढरी बुरशी धरली असेल तर घरी मशीनमध्ये घालू नका, मशीनचं हेड बाद होतं आणि फीत तुटते. तशीच आणा, आपण साफ करू. कॅसेट परत मिळेल, माझी जबानी.

रात्री नऊला याच हॉलमध्ये 'पुराना मंदिर'. पडद्याला एक चादर कमी पडतेय, कुणाकडं पांढरी असेल तर जेवणाआधी मला द्या. आणि मघाशी मागून बोलला तो दोस्त, तू पुढं बस.