जुना संगणक : दुरुस्त करावा की नवा घ्यावा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनी पाककृती, आरोग्य, बालसंगोपन ह्या विषयांवर आपण पुष्कळ ऐकतो. मी आज घरातल्या अशा एका वस्तूविषयी बोलणार आहे, की जिच्यावरची धूळ आपण पुसतो, पण जिच्याविषयीचा निर्णय मुलांवर किंवा यजमानांवर सोपवून मोकळ्या होतो. ती वस्तू म्हणजे घरचा संगणक. मिक्सर बिघडला तर भांडे बदलावे की मिक्सरच, हे आपण दहा मिनिटांत ठरवतो. तीच बुद्धी इथे का चालू नये?

आमच्याकडे २०१३ साली घेतलेला संगणक आहे. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तो माझ्या वाट्याला आला. माझ्या मसाल्यांचे हिशेब, भिशीच्या नोंदी, मंडळाची पत्रे, सारे त्यावरच. २०२५ च्या पावसाळ्यात तो इतका मंदावला, की सुरू होईपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या होत. एका दुकानदाराने तो न उघडताच "मोडीत काढा" असा निकाल दिला. नव्याची किंमत चाळीस हजारांच्या घरात, आणि तेवढीच रक्कम मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेली. तेव्हा हा प्रश्न घरच्या पैशाच्या वाटणीचा झाला, आणि तो मी स्वतः सोडवायचे ठरवले.

पहिली गोष्ट, रोग ओळखावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या, की टास्क मॅनेजर नावाचा तक्ता उघडतो. त्यात मेमरीचा आकडा सतत नव्वदीपुढे असेल, तर मेमरी, म्हणजे रॅम, अपुरी पडते. ओट्यावर जागा नसली की स्वयंपाक अडतो, तसेच हे. डिस्कचा आकडा नेहमी शंभराला टेकत असेल, तर हार्ड डिस्क थकली असे समजावे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये ग्रामोफोनसारखी तबकडी फिरते व तिच्यावरून टोक सरकत माहिती शोधते. नव्या एसएसडीत फिरणारे काहीच नसते. म्हणून जुन्या यंत्रात ती बसवली, की फरक लगेच जाणवतो. तारीखवेळ रोज चुकत असेल, तर बहुधा आतला बटणाएवढा सेल संपलेला असतो. तो थोडक्या पैशांत मिळतो. शिवाय आपल्या खारघरात बांधकामांची धूळ आणि खाडीकडची दमट हवा. ही धूळ पंख्यात साचते, यंत्र तापते, आणि तापले की आपला वेग आपणच कमी करते. तेव्हा आधी साफसफाई, मग खर्च.

माझ्या यंत्राला एसएसडी, थोडी मेमरी आणि मजुरी मिळून सुमारे तीन हजार रुपये लागले. भाव मात्र ज्या त्या दिवशी विचारावा, कारण २०२५ च्या अखेरीपासून मेमरी बरीच महागली आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वेग विकत मिळतो, सुरक्षितता नेहमीच मिळते असे नाही. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना जी मुदतवाढ जाहीर झाली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. माझा तिसऱ्या पिढीचा. दार मजबूत पण कुलूप जुने, अशा घरात दागिने कोण ठेवील? तशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

ह्यावर एक उपाय आहे. लिनक्स ही विनामूल्य प्रणाली जुन्या यंत्रावरही चालते व तिच्या दुरुस्त्या मिळत राहतात. आपल्या खारघर स्थानकासमोर ज्या सी-डॅकचे केंद्र आहे, त्याच संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाची भारतीय भाषांना सोयीची लिनक्स प्रणाली आणली. ह्याच संस्थेने १९९१ साली पुण्यात पुष्कळ लहान प्रोसेसर एकत्र जोडून परम हा महासंगणक उभा केला. हाताशी आहे त्यातून काम साधण्याचा हा धडा आपल्याला नवा नाही. मी लिनक्स मिंट आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली. प्रिंटर चालला, मराठी टंकलेखन जमले, मगच ती कायम केली. मात्र टॅलीसारख्या विंडोजच्या कार्यक्रमावर जिचा व्यवसाय अवलंबून आहे, तिने हा मार्ग विचारपूर्वक धरावा.

मग नवा कधी घ्यावा? मदरबोर्ड गेला असेल, लॅपटॉपची मेमरी आतच जोडलेली असून वाढवता येत नसेल, किंवा दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याकडे जात असेल, तेव्हा. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते. आमच्या शेजारच्या भगिनींची मुलगी वास्तुशास्त्र शिकते. तिच्या आराखड्यांना जुने यंत्र पुरेना, म्हणून त्यांनी नवे घेतले. तो खर्च योग्यच होता. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल, तर मात्र विचार करत बसू नका. वापर तत्काळ थांबवा.

दोन्ही मार्गांत एक काम आधी करावे. फोटो, हिशेब, कागदपत्रे ह्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. यंत्र पुन्हा मिळते. सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो पुन्हा मिळत नाहीत. आणि टाकून द्यायचे यंत्र भंगारवाल्याला देऊ नये. त्यातल्या पट्ट्या जाळून किंवा आम्लात घालून धातू काढतात, आणि शिशासारखी विषे हवेपाण्यात मिसळतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच गेला पाहिजे. देण्यापूर्वी डिस्क पुसून घ्यावी, किंवा काढून ठेवावी.

भगिनींनो, माझ्या मुलीची फी वेळेवर भरली गेली, आणि आज आपल्यासमोर वाचत असलेले हे भाषणही त्याच संगणकावर लिहिले आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा प्रश्न उभा असेल, त्यांनी कामांची यादी, रोग आणि खर्च हे तीन रकाने कागदावर मांडावेत. निर्णय कोणताही होवो, तो आपल्या हिशेबाने व्हावा.