मिटलेल्या डोळ्यांचे चेहरे

अमूर्त चित्रात भावना नसते, असा आपला एक समज असतो. आलेक्सेई याव्लेन्स्की या चित्रकाराकडे पाहावे. रशियन सैन्यातील हा अधिकारी चित्रकलेच्या ओढीने १८९६ मध्ये म्युनिचला आला. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला जर्मनी सोडून स्वित्झर्लंडला जावे लागले.

त्याच्या आरंभीच्या चेहऱ्यांत भडक रंग आणि टपोरे डोळे आहेत. पुढे डोळे मिटले, केस गेले, व्यक्तीची ओळखही गळाली. १९३४ पासूनच्या ‘ध्यान’ मालिकेत उरली ती भुवयांची आडवी रेघ, नाकाची उभी रेघ आणि मिटल्या पापण्या. त्या रेघांत क्रूस दिसतो. तो श्रद्धाळू ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता. छापील पानावर ही चित्रे मला प्रथम एकसारखीच भासली होती. सावकाश पाहू लागलो, तेव्हा एकीत विषाद, दुसरीत शांती जाणवली, आणि तीही केवळ रंगातून.

तेव्हा तो वीसबाडेनला राहत होता. १९३३ मध्येच नाझी राजवटीने त्याच्यावर प्रदर्शनबंदी घातली होती. संधिवाताने बोटे आखडलेली. दोन्ही हातांत कुंचला धरून, वेदना सोशीत, पोस्टकार्डाहून किंचित मोठ्या कागदांवर त्याने असे शेकडो चेहरे रंगविले. अखेर हात पूर्ण थांबले. १९४१ मध्ये तो गेला.