बरडच्या मुक्कामावर

(शतकमहोत्सवी सप्ताहात हरिपाठानंतर मांडवात केलेलं मनोगत)



आम्ही काही कीर्तनकार नाही. तीस वर्षं या दिंडीत टाळ वाजवला, मागून चाल धरली, एवढंच. चार माणसांत उभं राहून बोलायची वेळ कधी आली नाही. पण महाराज म्हणाले, शंभर वर्षांच्या अंकात थोरामोठ्यांच्या आठवणी येणार आहेत, त्यात तुमची बरडची गोष्टही असू द्या, पुढच्या पोरांना उपयोगी पडेल. म्हणून उभे राहिलो. मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

आधी आमचं दुखणं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. आम्हाला साखरेचा आजार. आधी गोळ्या होत्या, मग इन्सुलिन आलं, सकाळ-संध्याकाळ पोटात सुई. डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. तळव्याला खडा रुतला तरी आम्हाला कळत नाही. हे घरात ठाऊक होतं, दिंडीत कुणालाच नाही. पहिल्या ओळीतला टाळकरी, त्यानं कुठं सांगत बसायचं की मला सुई लागते? इन्सुलिन गार ठेवावं लागतं. ते आम्ही बारक्या मडक्यात घालायचो, मडक्याला ओलं फडकं गुंडाळायचो आणि कुणी विचारलं तर गंगाजळ आहे म्हणायचो. हसू नका, खरंच म्हणायचो.

करोनात दोन वर्षं पायी वारी झाली नाही. त्यानंतरची ही २०२२ ची वारी. घरची मंडळी म्हणाली, यंदा एकट्याला सोडत नाही. तिला यायचं होतं, पण म्हैस व्यायला झालेली. मग धाकट्याला सोबत दिलं. बारा वर्षांचं पोर. त्याला आईनं शिकवून ठेवलं होतं, आण्णांना घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं तुटक झालं, की काही न विचारता तोंडात साखर घालायची. तो शर्टाच्या खिशात खडीसाखरेची पुडी घेऊन आळंदीपासून आमच्या शेजारून चालला. आमची पडशीही त्याच्याच खांद्याला. म्हणजे लोकांना वाटायचं बाप पोराला वारी दाखवतोय, आणि होतं उलटंच.

फलटण झालं, बरडला मुक्काम पडला. दिवसभर पावसाची रिपरिप होती, राहुटीखालची जमीन ओली. मधली जागा तेवढी कोरडी. पोरानं आम्हाला तिथं झोपवलं आणि आपण कडेला, कनातीला लागून झोपला. एवढं लक्षात ठेवा. आम्ही तर ते रोजच लक्षात ठेवतो.

रात्री तीनच्या सुमाराला तो उठला. म्हणाला, "आण्णा, पोटात लई दुखतंय." एकदा उलटी झाली. आम्हाला वाटलं, वाटेत दोन ठिकाणी काहीबाही खाल्लंय, ते बाधलं. ओवा दिला, मीठ-लिंबू दिलं. शेजारच्या आजींनी पोट चोळलं. सगळ्यांना ते ओळखीचं दुखणं वाटलं. वारीत कुणाचं पोट दुखत नाही? अर्धा-पाऊण तास त्यात गेला.

काकड्याची तयारी चालू झाली तेव्हा तो परत बोलला. "आण्णा, डोळे उघडत नाहीत." आम्ही बॅटरी मारली. पोर जागं होतं, पण पापण्या खाली पडलेल्या. आवाज नाकातून यायला लागला होता. थुंकी गिळता येईना, ओठाच्या कडेनं लाळ गळत होती.

आपल्या दिंडीत तेव्हा सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर चालत होत्या. त्यांना हाक मारली. त्यांनी पापण्या बघितल्या, जीभ बाहेर काढायला सांगितली आणि म्हणाल्या, "मण्यार चावलीय याला. गाडी बोलवा." आम्ही म्हणालो, ताई, अंगावर खूण नाही, सूज नाही, पोर ओरडलंही नाही. त्या म्हणाल्या, मण्यारीचं असंच असतं. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, दात इतके बारीक की खूण दिसत नाही, जागेवर आग होत नाही. पोटात दुखतं, मग पापण्या पडतात, मग श्वास.

तेवढ्यात एकजण दोरी घेऊन पाय बांधायला आला. सिस्टरांनी त्याचा हात धरला. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, पोराला चालवायचंही नाही. दुसरा म्हणाला, जवळच्या वाडीत उतरवणारा माणूस आहे. खरं सांगतो मायबाप, आमचं मन तिकडं ओढ घेत होतं. दिंडीप्रमुख महाराज नुसते म्हणाले, "गाडी आली की बसा." वारीच्या वाटेवर सरकारी रुग्णवाहिका उभ्या असतात. १०८ ला फोन केला, थोड्या वेळात गाडी आली.

फलटणला मागं फिरायचं होतं. सगळी वाट पुढं पंढरीला चाललेली, ट्रक, टँकर, पताका, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया, आणि आमची गाडी एकटीच उलटी. गाडीतला डॉक्टर पोराच्या तोंडावर फुगा धरून दाबत होता. बाहेर माणसं बाजूला होत होती, आतलं न बघताच हात जोडत होती.

सरकारी दवाखान्यात गेल्या गेल्या विषावरचं औषध सुरू केलं. सुरुवातीलाच दहा बाटल्या. आम्ही विचारलं, एवढ्याशा पोराला एवढं? डॉक्टर म्हणाले, साप काही पोर बघून विष कमी सोडत नाही, औषध मोठ्या माणसाइतकंच लागतं. आणखी एक त्यांनी सांगितलं ते इथं सांगून ठेवतो. आपल्याकडं ते औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारींवर एकच असतं. म्हणून साप शोधत, मारत बसू नका. त्यात वेळ जातो आणि दुसऱ्यालाही चावायचा.

दुपारपर्यंत श्वास अगदी मंदावला. मग व्हेंटिलेटर असलेल्या मोठ्या दवाखान्यात हलवलं, घशात नळी घातली. संध्याकाळी मंडळी एसटीनं येऊन पोचली. काचेतून बघितलं तर पोर मेल्यासारखं पडलेलं. हात उचलून सोडला की खाली पडायचा. पण तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, तो हलू शकत नाही, तरी त्याला ऐकू येत असेल, त्याच्याशी बोला. मग आम्ही त्याच्या कानाशी हरिपाठ म्हणायला लागलो. त्याची आई मात्र म्हशीच्या रेडकाबद्दल बोलत राहिली. रेडकू कसं उभं राहिलं, कपाळावर चांद आहे, नाव तू आल्यावर ठेवायचं.

आता आमच्या चुकीची गोष्ट. त्या रात्री आम्ही नवस केला. पोरगं डोळे उघडेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, पायात वहाण घालणार नाही. तुकोबारायांनी नवसाला किती झोडपलंय ते आपण कीर्तनात ऐकतो, माना डोलावतो. पण त्या काचेसमोर उभं राहिल्यावर आम्हाला तेवढंच सुचलं. मनात सारखं एकच, आमच्या दुखण्यापायी हे पोर वारीला आलं, आमच्या कोरड्या जागेपायी कडेला झोपलं. मग आम्ही कशाला जेवायचं?

पडशी मागं ट्रकातच राहिली होती, म्हणून पहिला दिवस सुईशिवाय गेला. रात्री दिंडीतल्या पोरांनी पडशी आणि मडकं आणून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी मागं लागली म्हणून सुई घेतली. जेवलो म्हणून खोटं सांगितलं. इन्सुलिन पोटात आणि वर अन्न नाही, याचं काय होतं ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून केलं.

दहा-अकराच्या सुमाराला नर्सनं पोराचे कपडे पिशवीत घालून आणून दिले. शर्टाच्या खिशात ती खडीसाखरेची पुडी तशीच होती, थोडी ओली झालेली. आम्ही ती हातात घेतली. त्यानंतरचं आम्हाला आठवत नाही. मंडळी सांगते, जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसलात, तिला ओळखेनात. साखर एक्केचाळीसवर गेली होती. पुडी मुठीत होती म्हणे.

त्या माऊलीचं काय झालं असेल बघा. पोर वरच्या मजल्यावर नळीवर, नवरा खालच्या मजल्यावर सलाईनवर. त्याच वेळी वरून निरोप आला, कागदावर सही पाहिजे, पोराच्या वडलांना बोलवा. ती जिना चढली, सही केली, उतरली. कुणाला सांगणार, एकटीच. आम्ही शुद्धीवर आल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, मला या घरातला एकच पेशंट वाचवायचा होता, तुम्ही दुसरा कशाला दिलात?" त्यांचा राग खरा होता.

संध्याकाळी महाराज पिकअपमधून आले. पुढच्या मुक्कामावरून मागं आले होते. त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "नवस केलाय?" आम्ही मान हलवली. ते काही बोलले नाहीत. फडक्यातली भाकरी काढली, पिठल्यात मोडली आणि म्हणाले, "माझ्या पुढ्यात जेवा. मी उठत नाही." आम्ही भिंतीकडं तोंड करून जेवलो. मग त्यांनी वहाणा पुढं सरकवल्या. कुणाच्या होत्या ते अजून कळलेलं नाही.

त्या दिवसापासून दिंडीतली दोन-दोन माणसं पाळीनं येऊन राहिली. सिस्टरताईंनी एका पुठ्ठ्यावर आमची सुई, जेवण, गोळ्या यांच्या वेळा लिहून मंडळीच्या पिशवीला बांधल्या. पाळीवरच्या माणसानं आम्हाला जेवताना डोळ्यांनी बघायचं, विचारून भागवायचं नाही, असा हुकूम. आम्हाला त्याची फार लाज वाटली. टाळकऱ्यांची पोरं आम्हाला घास मोजत होती.

चौथ्या दिवशी पोराची पापणी हलली. मग पायाचं बोट. नळी निघाली तेव्हा वारी वाखरीच्या आसपास पोचली होती. एकादशीला आम्ही दवाखान्यातच होतो. त्या दिवशीही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं वेळेवर जेवलो. कळत्या वयातली ती पहिली मोडलेली एकादशी. गावात काहींना ते अजून पटत नाही. त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही.

आवाज फुटल्यावर पोर पहिलं काय बोललं असेल? "आण्णा, तुम्ही हरिपाठातला एक अभंग रोज गाळत होता." आणि आईला म्हणाला, रेडकाचं नाव चांदी ठेवू.

अनवाणी फिरल्याचा हिशेब नंतर निघाला. तळव्याला फोड आलेला आम्हाला कळलाच नव्हता, मंडळीला मोज्यावर डाग दिसला. ती जखम भरायला दिवाळी आली. पुढच्या वारीला आम्ही ट्रकमध्ये बसून गेलो, स्वयंपाकाच्या सामानावर लक्ष ठेवायला. पोर आता पताका घेऊन चालतं.

दिंडीत आता काय बदल झालाय ते तुम्ही बघताच. राहुटीत मच्छरदाण्या आल्या, त्या अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचायच्या. मण्यार आत येत नाही. रात्री उठायचं तर आधी बॅटरी लावायची. वळकटी झटकून अंथरायची. ट्रकमध्ये पुढच्या बाजूला मडकं आहे, त्यात आता सात जणांचं इन्सुलिन असतं, चिठ्ठ्या लावून. आम्हाला वाटत होतं आम्ही एकटेच! आणि एक वही आहे. कुणाला साखर, कुणाला रक्तदाब, कुणाला फिट येते, कुठली गोळी, घरचा फोन कुठला. ती वही आमच्याकडं असते. त्यात पहिलं नाव आमचं आहे.

यंदाच्या वारीची नावं घेणं चालू आहे. उद्या काकड्यानंतर आम्ही आचाऱ्याच्या चुलीपाशी वही घेऊन बसू. बायामाणसांनी सिस्टरताईंकडं सांगितलं तरी चालेल. ज्यांचं गंगाजळ असेल त्यांनी जरूर यावं.

बोलण्यात वेळ गेला. मंडळी तिकडून हात करतेय, आमच्या सुईची वेळ झाली. राम कृष्ण हरी.