उभी राहिलेली मोटारसायकल



न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा लोकांनी एकत्र बसून जाणत्या माणसाचे चार शब्द ऐकावेत आणि आपल्या प्रश्नांचा विचार करावा, असा हेतू होता. त्याच वळणाच्या ह्या व्यासपीठावरून आज आम्ही मोटारसायकलीच्या कार्बोरेटरवर बोलणार आहोत, म्हणून पुढल्या रांगेतील काही मंडळी मनातल्या मनात हसत असतील. खुशाल हसावे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, गॅरेजच्या ओट्यावर आणि जुन्या बाजारात मिळालेल्या पुस्तकांवर. मजुरीचे दर कसे वाढवून घ्यावेत हे सांगण्यात आमची हयात गेली. परंतु वाढवून घेतलेला पैसा घरातून कसा निघून जातो, हेही कोणी तरी सांगितले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यातील गंगाखेड, पालम ह्या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात जाऊन ती फेडायची. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. मागे घराच्या पडवीत, खताच्या गोणीखाली, मोटारसायकल उभी असते. पाच महिने, कधी सहा. माणूस परत येतो, गोणी काढतो, किक मारतो. गाडी पहिल्यांदा बोलतच नाही. वीस किका झाल्यावर सुरू होते. पण चोक ओढलेला असेल तोवरच. चोक सोडला की बंद. रस्त्यावर घ्यावी तर झटके मारते, चढावर उचलत नाही. मग ती ढकलत गॅरेजपर्यंत न्यायची. तेथे निदान होते, ‘कार्बोरेटर गेला.’ नवा कार्बोरेटर, नवा प्लग, लागलीच बॅटरीही. उचल फिटून हातात जे काही उरले होते, त्यातला मोठा घास येथे जातो.

ऊसतोडवालेच नव्हेत. पुण्यास कंपनीत लागलेला पोरगा गाडी घरी ठेवून जातो. २०२० साली २५ मार्चपासून टाळेबंदी लागली, तेव्हा तर सगळा देशच गाडी उभी करून बसला. पोलीस ठाण्याच्या आवारात पडलेल्या गाड्या आपण पाहतोच. जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवून काही उपयोग नाही, दंडाधिकाऱ्याने योग्य तो जामीन घेऊन त्यांबद्दल लवकर आदेश द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई ह्यांच्या प्रकरणात सांगितले आहे. ज्याची गाडी अशी अडकली असेल त्याने वकिलाला ह्या निकालाचे नाव जरूर सांगावे. हे विषयांतर झाले, पण उपयोगाचे आहे.

आता मूळ प्रश्न. जी गाडी उभी करताना चांगली होती, ती नुसती उभी राहून कशी बिघडली? कोणी चालविली नाही, कोठे आपटली नाही. झिजली म्हणावे तर झिजायला ती फिरलीच नाही.

बिघडले ते बहुधा यंत्र नव्हे, पेट्रोल होय. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे. त्यातील हलकी द्रव्ये आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पेटायला नेमकी तीच लागतात. मागे राहते त्याचा हवेशी संयोग होऊन हळूहळू चिकट डिंकासारखा थर होतो. टाकीत पाच-सात लिटर असते, तेथे हे सावकाश होते. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत मात्र चार-सहा चमचेच पेट्रोल असते, आणि वाटीला हवेची वाट असते. ते लवकर आटते आणि आपला डिंक तेथेच सोडते.

त्या वाटीत पितळेचे दोन जेट बुडालेले असतात. मोठा जेट गाडी पळताना पेट्रोल पुरवितो. लहान जेट, ज्याला मिस्त्री स्लो जेट म्हणतात, तो गाडी जागेवर चालताना आणि रेस नुकती उघडताना पुरवितो. आपल्याकडच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत ह्या लहान जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. डिंकाने प्रथम बुजते ते हेच. म्हणूनच गाडी चोकवर चालते आणि चोक सोडताच मरते. चोक म्हणजे हवा अडविणे. हवा कमी केली की थोडे पेट्रोलही पुरेसे होते. चोक ओढल्याने गाडी सुधारते, ह्याचा अर्थ तिला पेट्रोल कमी पोहोचते आहे किंवा कोठून तरी जादा हवा शिरते आहे. इतके गाडी स्वतः सांगत असताना कार्बोरेटर बदलण्याचे कारण काय? तो उघडून धुतला की पुष्कळदा काम भागते.

पूर्णा हे रेल्वेचे गाव. हैदराबादहून मनमाडला जाणारी मीटरगेज लाईन येथून गेली आणि हिंगोली-वाशिमकडची लाईन येथून फुटली. अकोल्यापर्यंतची ती लाईन २००८ साली ब्रॉडगेज झाली. ह्या सभेत शेडमध्ये नोकरी केलेली वडीलधारी माणसे असतील, त्यांना ठाऊक आहे की ड्रायव्हर इंजिन शेडमध्ये आणून दुरुस्तीच्या वहीत लिही, ते इंजिन काय करते हे. अमुक ठिकाणी वाफ गळते, तमुक चाकाशी ठोका येतो. काय बदलायचे ते पाहून ठरविणे फिटरचे काम. आपण गॅरेजात जाऊन नेमके उलट करतो. ‘कार्बोरेटर बघ रे,’ असे सांगून मोकळे होतो. त्याऐवजी सांगावे की थंड असता सुरू होते की गरम झाल्यावर बिघडते, जागेवर मरते की रेस दिल्यावर मरते, किती मिनिटांनी मरते. अर्धे निदान त्या उत्तरांतच असते.

जागेवर नीट चालते पण रेस दिली की गुदमरते, तर मोठ्या जेटकडे किंवा टाकीतून येणाऱ्या धारेकडे पाहावे. पाच-दहा मिनिटे छान पळते, मग बंद पडते, आणि थोडे थांबल्यावर पुन्हा चालू होते, तर टाकीचे झाकण उघडून बंद करून पाहावे. झाकणाला हवा आत जाण्याचे बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले की टाकीतून पेट्रोल खाली उतरत नाही. ह्या दोषापायी कॉइल बदललेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत.

मुळात सुरूच होत नसेल तर प्लग काढून पाहावा. बऱ्याच किका मारूनही तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ठिणगीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, मग ठिणगी तपासावी. प्लग टोपीत घालून त्याचे लोखंड इंजिनाला टेकवावे आणि किक मारावी. निळी, कडक ठिणगी चांगली. पिवळट, मरतुकडी ठिणगी वाईट. मात्र हे करताना प्लग त्याच्या भोकापासून लांब धरावा आणि सांडलेले पेट्रोल आधी पुसावे. तेथून निघणारी वाफ पेट घेते. जुन्या राजदूतला मिस्त्री ज्याला प्लॅटिन म्हणत ते पॉइंट असत, पावसाळाभर उभे राहून त्यांवर थर चढे, आणि बारीक कागदाने घासले की ठिणगी परत येई. पुढच्या गाड्यांत ते पॉइंट गेले, त्यामुळे ठिणगीचा दोष पूर्वीपेक्षा कमी झाला. डिंकाचा दोष होता तसाच राहिला.

किक अगदी हलकी, विनाअडथळा खाली जात असेल तर मात्र गोष्ट गंभीर. इंजिन थांबताना व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर तो गंजून अडकतो, किंवा पिस्टनच्या रिंगा चिकटतात. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून रात्रभर ठेवावे आणि सकाळी हळूहळू फिरवावे. जोराने लाथा मारू नयेत.

हवेची वाटही पाहिली पाहिजे. कडब्याशेजारी उभ्या केलेल्या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात उंदीर संसार थाटतो, आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. कार्बोरेटर आणि इंजिन ह्यांमधला रबरी जोड उन्हाने तडकला असेल तर तेथून हवा शिरते, आणि गाडी जागेवर कधी भरधाव तर कधी मरगळलेली चालते. चालू गाडीच्या जोडावर थोडे पाणी शिंपडावे. आवाज बदलला तर तडा तेथेच.

इथेनॉलबद्दल हल्ली फार विचारतात. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि टाकीच्या तळाशी, नेमके नळीच्या तोंडाशी बसतात. पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवावे. दोन थर दिसले तर सगळे काढून टाकावे. जुन्या गाड्यांच्या काही रबरांनाही ते मानवत नाही. परंतु सगळे खापर त्यावर फोडणे आम्हांस पटत नाही. इथेनॉलचे नाव कोणी ऐकले नव्हते तेव्हाही पावसाळ्यानंतर राजदूत अशीच अडून बसे. एक गोष्ट मात्र मनात आल्याखेरीज राहत नाही. इथेनॉल धान्यापासून होते तसे उसापासूनही होते. आपला माणूस जो ऊस तोडतो, त्याचाच काही अंश फिरून त्याच्या टाकीत येतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचा नियम लागू झाला आणि नव्या मोटारसायकली बहुतेक इंजेक्शनच्या आल्या. त्यांत उघडी वाटी नाही, त्यामुळे डिंकाचा त्रास कमी. त्यांचे दुखणे बॅटरी. पेट्रोलचा पंप आणि आतला संगणक दोन्ही विजेवर चालतात, आणि उभी बॅटरी आपोआप उतरते. भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या किंचित वर असते. ती बारांच्या खाली गेली असेल तर आधी तिला चार्ज करावी, मग पुढचे बोलावे.

आता गॅरेजवाल्यांबद्दल. ते लबाड असतात असे म्हणून आम्ही टाळ्या घेऊ शकलो असतो, पण ते खरे नाही. डॉक्टर नाडी पाहतो, त्याची फी आपण मुकाट्याने देतो. वकिलाने सल्ला दिला तर देतो. मिस्त्रीने अर्धा तास खपून दोष शोधला आणि पाच मिनिटांत जेट फुंकून दिला, तर आपण म्हणतो, ‘नुसते फुंकलेस तर, त्याचे कसले पैसे?’ दोष शोधणे हीच त्याची खरी कला, आणि तिला बाजारात भाव नाही. भाव आहे डब्यातल्या नव्या मालाला. मग तो माल विकतो. त्याने पोट कशावर भरावे? आमचे म्हणणे असे की प्रत्येक गॅरेजात तपासणीचा दर पाटीवर लिहिलेला असावा, गिऱ्हाइकाने तो कुरकुर न करता द्यावा, आणि जो भाग बदलला जाईल तो जुना भाग हातात परत मागावा. एवढे झाले तर मिस्त्रीची मजुरीही वाढेल आणि मजुराचा खर्चही घटेल. मजुराच्या दोन वर्गांत असे एकाच वेळी दोघांचे हित साधण्याचे प्रसंग फार येत नाहीत. आम्ही ह्याविषयी काही गॅरेजवाल्यांशी बोललो. ते म्हणाले, एकट्याने पाटी लावली तर गिऱ्हाईक शेजारी जाते, सगळ्यांनी मिळून लावली तर चालेल. संघटनेचा धडा ह्याहून वेगळा तो काय असतो?

एक सूचना मिस्त्री-बंधूंना. जेटमध्ये पोलादी तार घालू नका. पितळ मऊ असते, भोक मोठे होते, आणि पुढे आयुष्यभर गाडी जास्त पेट्रोल पिते. विजेच्या केबलमधला तांब्याचा एक बारीक धागा पुरतो. नाही तर हवेने फुंकावे.

आणि टोळीबरोबर निघणाऱ्यांसाठी. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी जागेवर चालू ठेवावी. वाटीतले पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल. ह्याला काही मिनिटे लागतात. टाकी लोखंडी असेल तर भरून ठेवावी, म्हणजे आत हवा आणि दव राहत नाही, गंज धरत नाही. पैसे नसतील तर पूर्ण रिकामी करावी. अर्धी ठेवणे सर्वांत वाईट. बॅटरीची एक तार सोडावी. सायलेन्सरच्या तोंडात फडके कोंबावे, आणि परत आल्यावर ते काढण्याची आठवण राहावी म्हणून दुसरे फडके हँडलला बांधावे. पहिल्या दिवशी रस्त्यावर काढण्यापूर्वी ब्रेक आणि टायरची हवा पाहावी. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात, म्हणून इंजिन बंद ठेवून, गियर टाकून, क्लच दाबून गाडी थोडी पुढेमागे ढकलावी.

आम्ही एक जुना कार्बोरेटर उघडून त्या टेबलावर ठेवला आहे. शेजारी दोन जेट आहेत, एक बुजलेला आणि एक धुतलेला. दिव्यासमोर धरून दोन्हींतून पाहावे. भगिनींनीही यावे, गाडी ढकलण्याची वेळ त्यांच्यावरही येतेच.